आदेशाचं पंचांग आणि मूर्तिकाराचं पंचांग

ठाण्यातल्या आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीचा गणपती साडेपाच फुटांचा, पीओपीचा, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचा. कित्येक वर्षं अनंत चतुर्दशीला टेंपो पारसिक रेतीबंदरच्या दिशेने वळायचा आणि बाप्पा खाडीत जायचे. २०२५ साली, ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी, टेंपो महापालिकेच्या कृत्रिम तलावाकडे वळला. पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाची नऊ फुटी मूर्ती मात्र खाडीवरच गेली. प्लास्टर तेच, रंग त्याच प्रकारचे, नियम वेगळे.

उत्सव समितीचा सचिव म्हणून सभेत उत्तर द्यायची पाळी माझ्यावर होती. तळमजल्यावरच्या एका आजोबांनी हात वर करून विचारलं, "अहो सचिव, हे नक्की ठरवलं कोणी?" तेव्हा मी "कोर्टाने" एवढंच म्हणू शकलो. घरी आल्यावर ते उत्तर मलाच टोचत राहिलं. मग दोन महिने मी आदेश, परिपत्रकं, शासन निर्णय जमतील तेवढे वाचले. एका मूर्तीचा रस्ता ठरवायला किती दारं लागली आणि प्रत्येक दारात काय झालं, त्याची ही हकीकत.

आधी पीओपीबद्दल, कारण सभेत यावरच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जिप्सम तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि प्लास्टरची पूड मिळते. त्यात पुन्हा पाणी घातलं की ते घट्ट होऊन परत जिप्समच बनतं. म्हणजे मूर्ती साच्यातून निघते तेव्हाच तिचं रसायन पुरं झालेलं असतं. जिप्सम पाण्यात विरघळतं, पण अगदी थोडं: लिटरभर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम. त्यामुळे मूर्ती महिनोन् महिने तळाशी पडून राहते, आणि ओहोटीला किनाऱ्यावर हात, सोंड, मुकुट दिसतात. पण विषाचा भाग मुख्यतः रंगांत असतो. शिसं, पारा, क्रोमियम, कॅडमियम हे जड धातू काही रंगद्रव्यांत असतात आणि ते गाळात साठतात. शाडूची मूर्ती काही तासांत भिजून बसते, पण तिच्यावर तेच रंग मारले तर अर्धा प्रश्न तसाच राहतो. शिवाय शाडूही नाहीसा होत नाही, चिखल होऊन तळाशी बसतो. आमच्याकडे शाडूचा आग्रह धरणारेसुद्धा हे सहसा बोलत नाहीत, आणि ते बोललं पाहिजे.

आता दारं.

संविधानाप्रमाणे पाणी हा राज्यसूचीतला विषय आहे. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० ला राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं राहिलं. केंद्राचा जल कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला, आणि तोही संसदेला थेट करता आला नाही. विषय राज्यांचा असल्यामुळे कलम २५२ खाली काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, मग संसदेने कायदा केला. धोरण दिल्लीहून खाली झिरपतं, असं आपण धरून चालतो. या बाबतीत महाराष्ट्र दिल्लीच्या आधी होता. हे वाचताना मला बरं वाटलं.

१९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचं रक्षण राज्यासाठी मार्गदर्शक तत्त्व झालं, कलम ४८-अ, आणि नागरिकांसाठी मूलभूत कर्तव्य, कलम ५१-अ. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा संसदेने १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतल्या निर्णयांच्या आधाराने, कलम २५३ खाली केला. तिथून केंद्राचा हात मोठा झाला. आणि १९९२ च्या ७४व्या दुरुस्तीने महापालिकांसाठी १८ विषयांची बारावी अनुसूची आणली. तिच्यात पर्यावरण संरक्षणही आहे. कागदावर, म्हणजे, ठाणे महापालिकाही धोरणाची भागीदार आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाबद्दल पहिल्या मार्गदर्शक सूचना २०१० मध्ये काढल्या. सुधारित सूचना १२ मे २०२० ला आल्या. त्यांत पीओपी, थर्माकोल, प्लास्टिक यांच्या मूर्तींना मनाई, नैसर्गिक माती आणि नैसर्गिक रंगांचा आग्रह, विसर्जनासाठी तात्पुरते तलाव, आणि विसर्जनाआधी, दरम्यान व नंतर अशी तीनदा पाण्याची तपासणी, हे सगळं होतं. मजकूर कडक होता, पण त्याचं नाव होतं मार्गदर्शक सूचना. जल कायद्याखाली केंद्रीय मंडळ राज्य मंडळांना बंधनकारक निर्देश देऊ शकतं; सूचना ही त्याहून मऊ गोष्ट. ती पाळायचीच की नुसती मानायची, यावर पुढची पाच वर्षं गेली.

आणि इथेच मला या प्रकरणाचं मर्म सापडलं, असं वाटतं.

आमचे मूर्तिकार पेणजवळच्या गावातले. कच्ची मूर्ती तिथून येते, रंगकाम आणि डोळ्यांची आखणी ते ठाण्यातल्या शेडमध्ये करतात. आमच्या तीन पिढ्यांशी त्यांचा संबंध आहे, आम्ही त्यांना दादाच म्हणतो. त्यांच्याकडे गेलो तेव्हा आदेशांची यादी मी तारखेनिशी वाचून दाखवली. त्यांनी प्रत्येक तारखेला आपल्या कारखान्यात काय चाललं होतं, ते सांगितलं. दिवाळी झाली की साचे काढायचे. मार्गशीर्ष-पौषात मोठ्या मूर्तींचं भरणं सुरू. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उन्हाळ्यातच जहाजावर चढतात. ज्येष्ठापर्यंत बहुतेक कच्चा माल तयार, आषाढ-श्रावण फक्त रंग. त्यांचं वर्ष अनंत चतुर्दशीला संपतं आणि दिवाळीला सुरू होतं.

आता आदेशांचं वर्ष पाहा. केंद्रीय मंडळाची बंदी १२ मे २०२० ला आली, त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती. म्हणजे मूर्ती भरून झालेल्या होत्या. वर टाळेबंदी. दहाच दिवसांनी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी बंदी एक वर्ष पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी ते बरोबरच होतं असं मला वाटतं, कारण त्या वेळी बंदी लादणं म्हणजे कारागिराच्या घरातला तयार माल मातीमोल करणं होतं. पण त्या पुढे ढकललेल्या वर्षात कोणी पेणला जाऊन पुढच्या हंगामाचं बोललं का, असं मी दादांना विचारलं. त्यांच्या शेडपर्यंत तरी कोणी आलं नाही.

मग प्रकरण न्यायालयात गेलं. ठाण्यातल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याने शाडूच्या मूर्तिकारांसह मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ठाणेकर म्हणून मला याचा अभिमान आहे. मातीवाले कारागीर एका बाजूला, पीओपीवाल्यांच्या संघटना दुसऱ्या बाजूला: दोघंही पोटाचा प्रश्न घेऊन एकाच न्यायालयात. ३० ऑगस्ट २०२४ ला न्यायालयाने महापालिकांना २०२० च्या सूचनांची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं. चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. आठ दिवस. आमची मूर्ती तेव्हा रंगून, कापड गुंडाळून शेडमध्ये उभी होती.

पुढचा आदेश ३० जानेवारी २०२५ चा: यापुढे अंमलबजावणी सक्तीने करा. माघी गणेश जयंती होती १ फेब्रुवारीला. दोन दिवस. त्या वेळी कांदिवलीतल्या काही मंडळांच्या मोठ्या मूर्तींचं काय झालं, हे सगळ्यांनी वाचलं. नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला परवानगी नाही आणि एवढ्या उंच मूर्ती मावतील असा कृत्रिम तलाव नाही, म्हणून त्या विसर्जनाविना परत नेऊन झाकून ठेवाव्या लागल्या. त्यातल्या चारकोपच्या मूर्तीचं विसर्जन ऑगस्टमध्ये झालं. उत्तरपूजा झालेल्या मूर्तीला सहा महिने झाकून ठेवणं म्हणजे काय, हे ज्यांनी घरात बाप्पा आणलेत त्यांना सांगायला नको.

राज्य सरकार या टप्प्यावर जागं झालं. पेण, हमरापूर, जोहे इथल्या हजारो हातांचा प्रश्न होता. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाला अभ्यास करायला सांगितलं गेलं. डॉ. अनिल काकोडकर त्याचे अध्यक्ष. आयोगाच्या समितीचा अहवाल केंद्रीय मंडळाकडे गेला. मंडळाच्या तज्ज्ञांनी मत दिलं की मूर्ती बनवायला हरकत नाही, नैसर्गिक जलाशयात विसर्जन नको. त्या आधारावर ९ जून २०२५ ला न्यायालयाने पीओपी मूर्ती बनवण्यावरची आडकाठी काढली. नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाचं काय करायचं, ते राज्याने धोरण आणून सांगावं, असं ठरलं. आमची बुकिंगची पावती त्यानंतरच्या आठवड्यातली आहे: साडेपाच फूट, पीओपी, बैठी. त्या दिवशी या मूर्तीचं विसर्जन कुठे होणार, हे देशातल्या कोणत्याही पातळीवर ठरलेलं नव्हतं.

२४ जुलैला, चतुर्थीच्या चौतीस दिवस आधी, न्यायालयाने सांगितलं: सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच. हा आदेश मार्च २०२६ पर्यंतच्या सगळ्या उत्सवांना लागू. १ ऑगस्टला राज्याचं धोरण आलं. चतुर्थी २७ ऑगस्टला. मधल्या सव्वीस दिवसांत महापालिकेने तलाव खणायचे, प्लास्टिकचं अस्तर घालायचं, कर्मचारी आणि स्वयंसेवक नेमायचे, विसर्जनानंतर मूर्ती बाहेर काढून वाहून न्यायच्या, आणि प्रत्येक मंडळाला हे समजावून सांगायचं.

उशीर कोणी मुद्दाम केला असं मी म्हणत नाही. न्यायालय समोर आलेल्या तारखेला निकाल देतं. केंद्रीय मंडळ अहवालाची वाट पाहतं. मंत्रालय न्यायालयाची वाट पाहतं. सगळे एकमेकांची वाट पाहतात, आणि साचा कोणाचीच वाट पाहत नाही. धोरणाच्या प्रत्येक पातळीने विसर्जनाच्या तारखेकडे तोंड करून निर्णय घेतला. मूर्ती भरायला घेण्याच्या तारखेकडे कोणी पाहिलं नाही. नियम विसर्जनाच्या घाटावर लावायचा, आणि ज्या शेडमध्ये पदार्थ निवडला जातो तिथे तो पोहोचवायचाच नाही, असं पाच वर्षं चाललं.

खाडी आणि उंची

पाणी आणि मूर्ती यांच्याबद्दल ठाण्याकडे मुंबईहून वेगळा अनुभव आहे. मुंबईला समुद्र आहे. ठाण्याकडे तलाव आहेत, बंद पाण्याचे, आणि एक अरुंद खाडी. तलावपाळीवर लहानपणी मूर्ती थेट मासुंदा तलावात सोडताना मी पाहिलंय आणि नंतरच्या आठवड्यांत पाण्यावर आलेला तवंगही पाहिलाय. म्हणूनच ठाण्यात कृत्रिम तलावाची पद्धत २०२० च्या बऱ्याच आधी रुजली. दीड दिवसाचे, गौरी-गणपतीचे हजारो घरगुती बाप्पा वर्षानुवर्षं कोणत्याही न्यायालयीन सक्तीशिवाय तिथे गेले. लोकांनी मनाची समजूत घातली, महापालिकेने निर्माल्य वेगळं घेण्याची व्यवस्था केली, आणि गोष्ट बसली. कायदा करायचा अधिकार सगळ्यात कमी असलेल्या पातळीने इथे सगळ्यात आधी काम केलं, हे नोंदवायलाच हवं.

सार्वजनिक मूर्ती मात्र खाडीवर जात राहिल्या. आणि २०२५ च्या नियमाने सहा फुटांवरच्यांना तीच वाट मोकळी ठेवली.

ही खाडी कुठे जाते? रेतीबंदरवरून पाणी ओहोटीला दक्षिणेकडे सरकतं. खाली ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे १,६९० हेक्टरचं: निम्म्याहून थोडी जास्त कांदळवनं, बाकी पाणी आणि चिखलाचा पट्टा. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळ झाली, सुमारे ६,५२१ हेक्टर. रामसर हा पाणथळ जागांच्या रक्षणाचा १९७१ चा आंतरराष्ट्रीय करार, भारत त्यात १९८२ पासून. अभयारण्य राज्याच्या वन विभागाचं, रामसरचा शब्द केंद्राने जगाला दिलेला, आणि त्याच खाडीच्या वरच्या अंगाला कोणती मूर्ती सोडायची ते राज्याच्या विसर्जन धोरणात, फुटांमध्ये. फ्लेमिंगो गाळात चोच घालून खातात. गाळात काय साठतं, हा त्यांच्या जगण्याचा प्रश्न आहे. पाण्याला मूर्तीची उंची कळत नाही. नऊ फुटी मूर्तीवर आमच्या मूर्तीच्या दुपटीहून जास्त रंग असतो.

मोठी मूर्ती तलावात मावत नाही, ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण सहा फुटांची रेघ काय करते, ते आमच्याच सभेत दिसलं. विसर्जनानंतरच्या बैठकीत एका काकांनी सूचना मांडली की पुढच्या वर्षी सात फुटी मूर्ती आणू, म्हणजे बाप्पा परत खाडीत जातील. चार जणांनी माना डोलावल्या. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. हौदात मूर्ती सोडताना काकांचे डोळे भरून आले होते, मी शेजारीच उभा होतो. वाहत्या पाण्यात निरोप देण्याची त्यांची श्रद्धा पन्नास वर्षांची आहे. पण नियमानेच त्यांना सांगितलं होतं की मूर्ती मोठी केली तर खाडी मिळते. प्रदूषण कमी करायला काढलेला नियम मूर्ती वाढवायला कारण देत असेल, तर तो ज्या टेबलावर लिहिला गेला तिथे आमच्यासारखी एकही सभा बसलेली नव्हती.

ती बसणार कशी, हाही प्रश्न होता. मार्च २०२२ मध्ये ठाणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. २०२४ आणि २०२५ या दोन्ही गणेशोत्सवांत आमच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. विसर्जनाची व्यवस्था अधिकाऱ्यांनी मेहनतीने केली, त्यांना माझा मनापासून नमस्कार आहे. पण सव्वीस दिवसांत ऐकून घेणारा, मंडळाचं म्हणणं सभागृहात मांडणारा कोणी नव्हता. बाराव्या अनुसूचीने दिलेली भागीदारी त्या वर्षी फक्त खड्डे खणण्यापुरती उरली.

तलावात गेल्यावर

कृत्रिम तलावात पीओपी मूर्ती सोडली की ती दुसऱ्या दिवशी जवळजवळ तशीच असते. ती बाहेर काढावी लागते. राज्याच्या धोरणाने गोळा केलेल्या मूर्तींची विल्हेवाट आणि पुनर्वापर स्थानिक संस्थेवर टाकलाय. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेली एक रीत बरीच वर्षं वापरात आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की काही दिवसांत तिचा कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ होतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, जे खत म्हणून चालतं. पुणे महापालिका अमोनियम बायकार्बोनेटची पूड नागरिकांना वाटते. घरगुती मूर्तीला, बादलीत, हे उत्तम. साडेपाच फुटांच्या मूर्तीला किती पोती लागतील याचा हिशेब दादांनी माझ्यासमोर केला आणि कागद बाजूला ठेवला. मोठ्या मूर्तीचं प्लास्टर फोडून, रंग खरवडून, भाजून पुन्हा वापरता येतं. पण त्यासाठी जागा, भट्टी आणि वर्षभराचा ठेका लागतो. तो विचार अनंत चतुर्दशीच्या रात्री सुरू करून होत नाही.

मुंबई महापालिकेने मूर्तिकारांना शाडू माती मोफत आणि मंडपाला जागा मोफत द्यायला सुरुवात केली. सगळ्या प्रकरणात घाटाऐवजी शेडकडे पाहणारा हाच उपाय मला दिसला, आणि मला तो सगळ्यात पटतो. दादांची अडचण मात्र त्यात एकच: माती उन्हाळ्यात मिळायला हवी. शाडू पावसाळ्यात वाळत नाही, ओली मूर्ती रंग धरत नाही, घाईने वाळवली तर तडकते. पीओपीची मूर्ती तासाभरात साच्यातून निघते, शाडूची दिवसच्या दिवस घेते. वजन जास्त, त्यामुळे वाहतुकीत तूट जास्त. वेळ दिला तर ते शाडू करतील, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. त्यांचे वडील शाडूच करायचे.

मी जे काही शिकलो त्याचं एक पत्र करून महापालिकेला आणि राज्याच्या पर्यावरण विभागाला पाठवलं. दोन मागण्या. पुढच्या वर्षीचा नियम कार्तिकी पौर्णिमेच्या आत जाहीर व्हावा, आणि त्यानंतर त्या हंगामापुरता बदलू नये. दुसरी, खाडीकाठच्या शहरांसाठी उंचीऐवजी पाणी पाहून नियम ठरवावा: अभयारण्याला जोडलेल्या पाण्यात पीओपी नको, मूर्ती केवढीही असो, आणि मोठ्या मूर्तींसाठी यांत्रिक उचल असलेला एक खोल कायमस्वरूपी हौद आधीच बांधावा. पत्राची पोच आली आहे.

सोसायटीचा निर्णय मात्र पत्राच्या उत्तरावर ठेवता येणार नव्हता. दिवाळीनंतरच्या रविवारी बैठक झाली. सात फुटांची सूचना पुन्हा आली. मी रेतीबंदर ते ऐरोली असा खाडीचा नकाशा भिंतीवर लावला आणि अभयारण्याची हद्द पेन्सिलने दाखवली. काकांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, मूर्ती लहान चालेल, पण शाडूचीच हवी, आणि विसर्जन आपल्या आवारात, आपल्या हातांनी, पिंपात. माती पुढच्या वर्षी परत दादांना द्यायची.

२०२६ साली अधिक ज्येष्ठ, त्यामुळे चतुर्थी उशिरा, १४ सप्टेंबरला. न्यायालयाच्या त्या आदेशाची मुदत त्याआधीच, मार्चमध्ये संपणारी होती. दादांना आम्ही आगाऊ रक्कम दिली तेव्हा त्यांचे साचे अजून फडताळातच होते. पावतीवर लिहिलंय: अडीच फूट, शाडू, नैसर्गिक रंग, माती परत घेणार. तारीख कार्तिकातली आहे.